मॉलमधलं अश्मयुग

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. गळक्या एसीखाली ठेवलेल्या बादलीसारखं असतं ते. थेंब पडत असतात, कुणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस कुणाचा तरी पाय लागून बादली लवंडते. परवा सिंगापूरला, बिशानमधल्या आमच्या घरी चार मराठी मंडळी जेवायला आली होती. कुणीतरी सहज विचारलं, "मेधा, तू ती नोकरी का सोडलीस गं?" झालं! पहिल्या दोन किश्शांना सगळे पोट धरधरून हसले. पुढे पुढे हसू कमी झालं आणि शेवटी नुसते चमच्यांचे आवाज. तुमचंही तसंच होईल कदाचित.

आधी माणसं सांगते. मी पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. केलं, नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे सिंगापूरला आले, काही वर्षं घरी बसले आणि मग बुकित बातोकच्या एका इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये छोट्याशा कंपनीत लागले. शाळांना सुट्टी लागली की मॉलमध्ये जी प्रदर्शनं भरतात ना, ती आम्ही बनवायचो. एकदा डायनॉसोर, एकदा चॉकलेट, एकदा अंतराळ. मालक टॅन. डिझायनर हुईलिंग. पाट्यांवरचा मजकूर लिहायची मी. त्या वर्षी टॅनच्या डोक्यात अश्मयुग आलं. प्रदर्शनाचं नाव 'युरोपचा पहिला माणूस'! त्यासाठी तज्ज्ञ हवा म्हणून आले डॉ. वैशंपायन.

सर साठीला टेकलेले. उमेदीची वर्षं त्यांनी फ्रान्समधल्या गुहांमध्ये दगडी हत्यारं शोधण्यात घालवली. तिथे कायमची नोकरी कुणी दिली नाही. पुण्याला परतले तर तिथले म्हणाले, "युरोपचे दगड घेऊन इथे काय करणार?" लग्न राहून गेलं. अशा माणसाला सिंगापूरच्या मॉलने बोलावलं. टॅनला 'वैशंपायन' म्हणता येईना. 'डॉक्टर वाय' असं सुरू झालं आणि सर प्रत्येक गोष्टीला "का?" विचारतात म्हणून लवकरच 'डॉक्टर व्हाय' झालं!

* * *

पहिल्याच मीटिंगला सरांनी स्वतः घडवलेली एक हातकुऱ्हाड टेबलावर ठेवली. चकमकीचा दगड, थेंबासारखा आकार, दोन्ही बाजूंनी धार.

टॅनने उलटीपालटी केली. "हँडल कुठे आहे?"

"हँडल नाही. मुठीत धरायची."

"किती वर्षं वापरली त्यांनी ही?"

"युरोपात काही लाख वर्षं."

"आणि डिझाइन?"

"थोडं इकडेतिकडे. बाकी साधारण हेच."

टॅन खुर्चीत मागे रेलला आणि इथल्या सवयीने वाक्याला 'लाह'चं शेपूट लावून म्हणाला, "सेम प्रॉडक्ट? नो अपग्रेड? देअर मार्केटिंग टीम मस्ट बी व्हेरी स्ट्राँग, लाह!"

सगळे खो-खो हसलो. सरही हसले. मग हळूच मला मराठीत म्हणाले, "मार्केटिंग कसलं गं! आईबापांचं बघून पोरं करायची. त्यांचं बघून त्यांची पोरं."

निघताना त्यांनी टॅनला विचारलं, "माझा करार फक्त प्रदर्शन संपेपर्यंतच का?"

टॅनने प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "डॉक्टर व्हाय, आमच्या धंद्यात एक वर्ष म्हणजे अश्मयुग!"

* * *

जाहिरातीसाठी एक रील करायचं ठरलं. निअँडरथल, म्हणजे आपल्या आधी युरोपात राहणारा माणूस, त्याची एक भारी रीत होती. दगड हातात घेतला की लगेच ठोकायचा नाही. आधी त्याच्या कडा छाटायच्या, वरची बाजू कासवाच्या पाठीसारखी करून घ्यायची आणि मग नेमक्या जागी एक घाव. हवी तशीच, हव्या त्या आकाराची कपची सुटून येते. म्हणजे दगडाच्या पोटात काय आहे ते माणसाला आधीच दिसलं पाहिजे.

सर सकाळभर बसले. गॉगल, मांडीवर चामड्याचा तुकडा, हातात गोटा. टक, टक, टक. मध्येच थांबून दगड उजेडाकडे धरायचे, अंगठ्याने चाचपायचे. कॅमेरावाला जांभया देत होता. शेवटी तो एक घाव बसला आणि पानासारखी सुंदर कपची सरांच्या तळहातावर आली. हुईलिंगने चक्क टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी रील आलं. फक्त शेवटचा घाव! वर मोठ्या अक्षरांत, 'केव्हमॅन मेक्स नाईफ इन थ्री सेकंड्स'.

सर टॅनकडे गेले. "आधीचं सगळं कुठे गेलं?"

"कट केलं. बोरिंग, लाह. मारतानाचा सीन बेस्ट."

सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मेधा, माणूस आधी विचार करायला आणि मग मारायला शिकला, त्याचा हा पुरावा होता. यांनी विचार कापला आणि मार ठेवला!"

रील तुफान चाललं. खाली पहिली कमेंट होती, 'माय बॉस आल्सो लाइक धिस.'

* * *

सर यिशुनला एका आँटीच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायचे. एका रविवारी मी आणि माझी मुलगी इरा त्यांच्यासाठी डबा घेऊन गेलो. सर ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकच्या कोपऱ्यात ताडपत्री अंथरून दगड फोडत बसले होते. इथे रस्त्यावर कचरा टाकताना सापडलेल्या माणसांना भडक जॅकेट घालून झाडायला लावतात, ते इराने पाहिलेलं. तिने माझा हात ओढला. "आई, व्हॉट डिड ही डू राँग?"

मी उत्तर देणार एवढ्यात दोन तरुण पोलीस आले. कुणीतरी फोन केला होता, एक म्हातारा खाली बसून सुऱ्या बनवतोय!

पोलीस अगदी नम्र. "अंकल, धिस इज वेपन?"

सरांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत त्यांना हा प्रश्न कुणी नीट विचारलाच नव्हता! "ते धारेच्या झिजेवर ठरतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. मांस कापलं असेल तर एक तऱ्हा, कातडं खरवडलं तर दुसरी, लाकूड तासलं तर तिसरी."

पोलिसाने वाकून कपच्यांकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, "सो अंकल... मीट?"

शेवटी प्रकरण समजुतीवर मिटलं. कपच्या झाडून घ्या, पुन्हा इथे बसू नका, बस. पण घरमालकीण आँटी लिफ्टपाशी उभी राहून सगळं बघत होती. पोलीस गेल्यावर ती सरांसमोर आली. "तू कुकिंग करत नाहीस म्हणून मी तुला रूम दिली. नाईफ बनवतोस हे सांगितलं नाहीस!"

महिनाअखेर खोली खाली.

* * *

मग खोली शोधणं. तोवर सर आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे. सकाळी उठून बघावं तर चादरीची घडी, उशी जागेवर, कुणी झोपलं होतं याचा मागमूस नाही. मी म्हटलं, "सर, राहू द्या हो, मी आवरीन." तर म्हणाले, "आयुष्यभर लोकांनी मागे टाकलेलं उचललंय गं. आपण काही टाकायला नको वाटतं."

एजंटांचे फोन स्पीकरवर चालायचे. जाहिरात बघून फोन करायचा, सर इंग्रजी झकास बोलायचे, सगळं जमत आलं की समोरून प्रश्न यायचा, "सर, यू आर फ्रॉम?"

"इंडिया."

"ओह." मग कुणाची खोली तेवढ्यात गेलेली असायची, कुणाचा मालक फिरायला गेलेला असायचा. एक एजंट मात्र सरळ बोलला. "सॉरी सर, माय लँडलॉर्ड प्रेफर्स युरोपियन."

सर म्हणाले, "व्हिच पीरियड?"

फोन कट!

मी आणि माझा नवरा इतके हसलो की डोळ्यांत पाणी आलं. सरांनी पुढचा नंबर फिरवला.

* * *

प्रदर्शनात दोन पुतळे होते. एक निअँडरथल, आणि दुसरा नंतर युरोपात आलेला, आपल्यासारखा माणूस. हुईलिंगने नेहमीप्रमाणे पहिला काळाकुट्ट आणि दुसरा गोरापान रंगवायला घेतला. सर म्हणाले, "बहुतेक उलट असेल. आधीपासून राहणाऱ्यांतले निदान काही जण उजळ असावेत. नंतर आले ते सावळे, काळे. दक्षिणेकडून आले ना!"

मॉलच्या मॅनेजर बाई बघायला आल्या. उलट रंगवलेले पुतळे पाहून गोंधळल्या.

"यातला हीरो कोण?"

टॅनने आपल्यासारख्या माणसाच्या पुतळ्याकडे बोट दाखवलं.

"दॅट वन? सो डार्क?"

दुसऱ्या दिवशी दोघांनाही एकच रंग मारला. बिस्किटासारखा.

* * *

मध्येच कंपनीत एक सल्लागार आला. पांढरे बूट, कानाला माईक. विषय 'कल्चर चेंज'. आम्हा सगळ्यांना गोलात बसवलं. टॅनला वाटलं, आपल्याकडे या विषयाचा खरा तज्ज्ञ आहे! म्हणून त्याने सरांना पाच मिनिटं बोलायला सांगितलं.

सर उभे राहिले. "गुहेत खालच्या थरात एका तऱ्हेची हत्यारं मिळतात. वरच्या थरात एकदम वेगळी. लांब, सडपातळ पाती, हाडाच्या सुया, गळ्यात घालायचे मणी. आम्ही म्हणतो, संस्कृती बदलली."

"फँटास्टिक!" सल्लागार म्हणाला. "म्हणजे लोक बदल शिकले!"

"तेच तर दगडावरून कळत नाही," सर म्हणाले. "लोक शिकले, की लोकच बदलले? जुने लोक नवीन काम करायला लागले, की जुने गेले आणि त्यांच्या जागी दुसरे येऊन बसले? वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं."

सल्लागार हसत होता. "सो व्हॉट इज द टेकअवे?"

"खुर्चीत कोण बसलंय ते बघा," सर म्हणाले.

आम्ही टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात वर्कशॉपमधले सुतारकाम करणारे दोघं, अकाउंट्सची मुलगी आणि ड्रायव्हर यांना घरी पाठवलं. पाट्यांचा मजकूर एआयकडून लिहून घ्यायचं ठरलं आणि मला 'चेकर' केलं. टॅनने ईमेलमध्ये लिहिलं, 'अवर कल्चर हॅज चेंज्ड.'

* * *

आता हा किस्सा सांगताना मला अजून त्रास होतो, पण सांगते.

सरांनी अर्ध्या आयुष्यात एकच गोष्ट धरून ठेवली होती. फ्रान्समधल्या एका गुहेत, एकाच थरात, निअँडरथलची हाडं आणि ती नव्या तऱ्हेची पाती एकत्र सापडली होती. जग म्हणायचं, निअँडरथल मठ्ठ होते, त्यांनी नवीन लोकांची नक्कल केली. सर म्हणायचे, नाही. हे त्यांनी स्वतः, आपल्या डोक्याने शोधलं, पाहुणे यायच्या आधी. याच वाक्यापायी त्यांच्या नोकऱ्या गेल्या, भांडणं झाली, पण सर हटले नाहीत.

एका दुपारी आम्ही बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये जेवत होतो. सरांचा फोन वाजला. त्या गुहेत त्यांच्याबरोबर काम केलेली जुनी मैत्रीण फ्रान्सहून बोलत होती. सर फ्रेंचमध्ये "वी, वी" करत ऐकत राहिले. समोरच्या नूडल्स गार झाल्या. फोन ठेवून त्यांनी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, एक घोट घेतला.

"काय झालं, सर?"

"तिथे पुन्हा खोदलं त्यांनी. थर सरमिसळ झालेत म्हणे. हाडं एका काळातली, पाती दुसऱ्या. कधीतरी माती घसरली असणार."

"म्हणजे... तुमचं चुकलं?"

"चुकलं असंही नाही गं. बरोबर होतं असंही नाही. पाती कुणी केली ते आता ठाऊक नाही, एवढंच." आणि खरंच सांगते, त्यांनी उरलेल्या नूडल्स शांतपणे संपवल्या.

ऑफिसला येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? त्या पात्यांच्या शोकेसवरची स्वतःची पाटी खोडली. निअँडरथलांनी शोधलं, असं ज्या पाटीवर लिहिलेलं होतं, जे कुठेतरी लिहिलेलं बघायला ते जन्मभर थांबले होते, ती! आणि नवीन लिहून दिली. 'ही पाती कुणी घडवली, हे आपल्याला ठाऊक नाही.'

टॅन भडकला. "'वुई डोंट नो' कॅनॉट, लाह! पेरेंट्स तिकीट काढून येतात!"

"पण खरंच ठाऊक नाही."

"मग ठाऊक करून घे, डॉक्टर व्हाय. शनिवारी प्रिंटिंग."

शनिवारी छापून आली ती एआयने लिहिलेली पाटी. 'निअँडरथल नव्या, हुशार माणसांकडून शिकले. पण तोवर फार उशीर झाला होता!' खाली सरांचा फोटो आणि ठळक अक्षरांत, 'डॉ. वैशंपायन सांगतात'.

मी चेकर ना! मी लाल रेघ मारून परत पाठवलं होतं. लाल रेघ गेली, पाटी राहिली. सरांनी निदान नाव काढा म्हणून विनवलं. टॅन म्हणाला, "नेम इज क्रेडिबिलिटी."

उद्घाटनाच्या दिवशी शाळेची एक मुलगी पाटी मोठ्याने वाचत होती. तिने फोटोकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. "अंकल, यू सेड धिस?"

सर म्हणाले, "नो. ओन्ली द फोटो इज माइन."

* * *

पुढचं थोडक्यात. प्रदर्शन जोरात चाललं. करार संपला, त्याबरोबर इथे राहायचा पास संपला, सर पुण्याला गेले. सध्या बहिणीकडे, कोथरूडला असतात. फोन केला तर आधी इराची चौकशी, मग हवेची. दगडांचा विषय मी काढत नाही, तेही काढत नाहीत. चेकरचं काम मी आणखी दोनेक महिने केलं. नोकरी मी सोडली असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हीही तसंच सांगा.

एक किस्सा राहिला. तो त्या दिवशी जेवताना मी सांगितला नव्हता.

प्रदर्शनाचा शेवटचा रविवार. मॉलच्या मधल्या चौकात एक छोटं स्टेज केलेलं, भोवती प्लास्टिकची पारदर्शक भिंत. दर तासाला सर आत बसून दगड घडवून दाखवायचे. अंगावर टॅनने शिवून घेतलेलं खोट्या कातड्याचं जाकीट, खाली त्यांची नेहमीची पँट. दिवसभर ठोकून बोटांना चिरा पडलेल्या, पट्ट्या लावलेल्या.

टॅन त्या दिवशी आईला घेऊन आला होता. ऐंशीच्या पुढच्या बाई, व्हीलचेअरवर, अंगात फुलाफुलांचा ब्लाउज. आम्ही त्यांना प्रथमच पाहत होतो. टॅन अगदी खुशीत होता, गर्दी दाखवत होता, पुतळे दाखवत होता. स्टेजपाशी आल्यावर बाईंनी हात वर करून खुर्ची थांबवायला लावली.

टक, टक, टक. बाई एकटक सरांचे हात बघत होत्या. मग त्या हॉकियनमध्ये, त्यांच्या चिनी बोलीत, काहीतरी बोलल्या. हुईलिंग माझ्या शेजारी उभी होती. तिला ती भाषा येते. ती माझ्या कानात सांगायला लागली.

"ती विचारतेय, या म्हाताऱ्याला मुलंबाळं नाहीत का?"

टॅन हसला, आईच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला.

"तो सांगतोय, मा, हा डॉक्टर आहे. मोठा माणूस आहे."

बाईंनी मान हलवली. बराच वेळ बोलल्या. हुईलिंग म्हणाली, "ती म्हणते, मग दगड कशाला फोडतो? ती म्हणते, उबिन बेटावर ग्रॅनाइटच्या खाणीत तिने दगड फोडलेत. तू पोटात होतास तेव्हाही फोडले, असं म्हणते. तुला फोडायला लागू नयेत म्हणून."

मी टॅनकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याने हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आजूबाजूला लोक मोबाईल धरून उभे होते. आत सरांना यातलं काही ऐकू जात नव्हतं. त्यांनी दगड उजेडाकडे धरला, अंगठ्याने चाचपला, पुन्हा खाली घेतला.

टॅन खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. या वेळी इंग्रजीतच बोलला, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, हसत हसत.

"मा, ही लाइक्स इट!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग आत, सरांच्या पट्ट्या लावलेल्या बोटांकडे. आणि एकच वाक्य बोलल्या. टॅनचं हसू तिथेच थांबलं. तो उठला आणि खुर्ची वळवून लिफ्टकडे चालायला लागला.

"काय म्हणाली?" मी हुईलिंगला विचारलं.

"म्हणाली, तुझ्या बापालाही मी हेच सांगायचे. मला दगड फोडायला आवडतं, असं."